बोटभर फट

नव्या खिडक्या बसवल्याच्या पाचव्या दिवशी, सकाळचा चहा अर्धा झालेला असताना, महिपत नागवेकराची खात्रीच पटली की समोरचा बाळा शिवलकर आपल्याविषयी काहीतरी वाईटसाईट बोलतो आहे.

पुरावा काचेपलीकडे उभा होता. रस्त्याच्या त्या बाजूला, आपल्या मसाला कांडपाच्या पायरीवर बाळा, आणि त्याच्यासमोर डोक्यावर टोपली घेतलेली गोदूबाई मासेवाली. गोदूबाईने हनुवटीने महिपतच्या घराकडे खूण केली. बाळाने वळून बघितलं, दोन्ही हात दोन्ही कानांना लावले आणि मयताला जाऊन आल्यासारखी मान हलवली. मग उजवा तळहात हवेत उलटा केला. गोदूबाईने तोंडाला पदर लावला. आवाज मात्र तिळाएवढासुद्धा नाही. जाळ्याबाहेरच्या माशांसारखी दोघांची तोंडं उघडत होती आणि मिटत होती.

"अगो तुळसा, हिकडं बघ. कानाला हात लावले त्यानं!"

तुळसा कॉटवर मुरगळलेला पाय उशीवर ठेवून लसूण सोलत होती. "लावूदेत. कान त्यांचे, हात त्यांचे."

"कानाला हात म्हंजे काय? या घराशी परत संबंध नाय, अशी शपथ घेतली त्यानं. आणि मग हात उलटा केला. म्हंजे विषय संपला!"

"तुम्हांला ऐकू आलं?"

"ऐकायला कशाला हवं? अडतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली मी. तिथं कोण कोणाचं ऐकतो? ओठ बघायचे नि हात बघायचे. एका हातवाऱ्यावर मी बोट थांबवलीय भर समुद्रात."

हे खरं होतं. महिपत मालवाहू बोटींवर इंजिनाचा फिटर होता. बोटीच्या पोटात, तिच्या काळजाशेजारी, त्याचं आयुष्य धडधडाटात गेलं होतं. तिथला एक नियम त्याच्या हाडांत मुरलेला होता. इंजिन चालू असेल तोवर माणसाने खुशाल झोपावं. ते गप्प झालं, की सगळी बोट ताडकन उठून बसते. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं. आणि गेले पाच दिवस घरात शांतताच शांतता होती.

खिडक्यांचं कारण तसं साधं होतं. मुलगा रितेश बापासारखाच बोटीवर, सध्या कुठल्याशा समुद्रात. सून दीपाली घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. पण शिमगा झाला की मांडवीतल्या त्या गल्लीत बाळाचं कांडप सुरू व्हायचं, ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. सहा लोखंडी मुसळं एकामागून एक उचलायची आणि मिरची-धण्यांवर आपटायची. धप धप धप, धप धप धप. मीटिंगमध्ये पुण्याचे साहेब विचारायचे, "दीपाली, तुमच्याकडे कोणी दार फोडतंय का?" एकदा त्यांनी पोलिसांना फोन करू का, असंही विचारलं.

मग नितेश मिस्त्री आला. पन्नाशीचा, शांत, कानामागे पेन्सिल. पडवीच्या जुन्या लाकडी झडपांवर बोट आपटून तो म्हणाला, "काका, भिंत तुमची जांभ्याची, दीड फूट जाड. तिच्यातनं काय येत नाय. जिथनं वारा येतो तिथनं आवाज येतो. आता बघा, दोन काचा. एक जाड, एक पातळ, म्हंजे एकीला जो आवाज अडत नाय तो दुसरी अडवते. मधी हवा कोंडलेली. आणि कडेनं चारी बाजूंनी रबर."

"गॅस्केट!" महिपतचा चेहरा उजळला.

"तेच. पण एक ध्यानात ठेवा. पट्टा नीट बसला पायजे. बोटभर फट राहिली, तर एवढं सगळं केलेलं फुकट. आवाज पाण्यासारखा असतो. त्याला बोटभर पुरते."

महिपतला माणूस आवडला. त्याने फक्त घरच्यांना एक दम भरला. "बाळ्याला खरं कारण सांगायचं नाय. त्याच्या मशिनीपायी केलं म्हटलं, तर मशीन बंद करून बसेल. एवढा खुळा हाय तो. रस्त्याची धूळ येते म्हणून सांगा." बाळा तेव्हा भाचीच्या लग्नाला अंजनवेलला गेलेला होता. खिडक्या बसल्या त्याच सकाळी तो परत आला, तेव्हा दीपालीने कुंपणावरून त्याला धुळीचं सांगितलं. बाळाने चकचकीत पांढऱ्या चौकटी पाहिल्या आणि मान डोलावली.

पहिला दिवस मजेत गेला. शेवटचा पट्टा दाबून नितेशने कडी फिरवली आणि गल्ली पुसली गेली. रिक्षा नाही, समुद्रावर जाणाऱ्या मोटारसायकली नाहीत, धप धप नाही. समोर मुसळं नाचताना दिसत होती, पण मुकी, जणू कापसावर पडत होती. दीपालीने टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरातले आवाज बाहेर आले. इतकी वर्षं ते गल्लीच्या गोंगाटाखाली लपून बसले होते. पंखा कण्हत होता. भिंतीवरचं घड्याळ दाताने सुपारी फोडावी तसं वाजत होतं. महिपतचे गुडघे वाजत होते. तुळसा म्हणाली, "तुम्ही चावताना एवढा आवाज करता? चाळीस वर्षांत मला कळलं नाय." आणि तुळसाची स्वतःची पंचाईत वेगळीच झाली. काम करताना ती ओव्या गुणगुणायची, समोरच्या मुसळांच्या ठेक्यावर. आता ठेकाच गेला. ओवी अर्ध्यात लंगडायची, तिच्या पायासारखी. पायही खिडक्यांनीच मुरगळला होता म्हणा. मिस्त्रीच्या पसाऱ्यावरून घसरली, तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दीपाली खोलीतून बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. "बाबा, साहेब म्हणतात, आवाज कुठे गेला? मी म्हटलं, बंद केला. तर म्हणे, तुम्ही नक्की घरूनच काम करताय ना?"

महिपतला साहेबांचं पटलं. कारण त्याच दिवशी त्याच्या ध्यानात आलं होतं, की तीन दिवस झाले, बाळाने हाक मारलेली नाही.

त्या हाकेची गोष्ट जुनी होती. महिपत पहिल्यांदा नऊ महिन्यांसाठी बोटीवर निघाला, तेव्हा तुळसा या घरात नवी होती आणि रितेश पोटात होता. बाळा त्याला स्टँडवर सोडायला आला होता. गाडी सुटताना महिपत खिडकीतून एवढंच म्हणाला, "रोज सकाळी घराकडं एक हाक मारत जा रे." बाळा रोज उजाडताना पायरीवर येऊन ओरडायचा, "वयनी, सगळं बरं हाय ना?" आणि आतून तुळसा "बरं हाय!" म्हणाली की मगच त्याच्या घशाखाली चहा उतरायचा. तापाने फणफणलेला असतानासुद्धा त्याने हाक चुकवली नाही. महिपत कायमचा घरी आला, तेव्हापासून हाकेतलं नाव बदललं एवढंच. "महिपत, उठलास काय रे?" त्या हाकेशिवाय महिपतचा दिवस कधी उजाडला नव्हता.

ती हाक थांबली होती.

खिडक्या आवाज अडवतात हे महिपतला ठाऊक होतं. पण हाक हाही एक आवाजच आहे, हे काही केल्या त्याच्या डोक्यात येत नव्हतं. आवाज रिक्षाचा असतो, मशिनीचा असतो. हाक ती हाक.

"अहो, खिडकी बंद असताना ऐकू कसं येणार?" तुळसाने विचारून पाहिलं. "गोदूबाई पण आली नाय तीन दिवस. ओरडून गेली असेल."

"गोदूबाईची हाक भाट्याच्या पुलावर ऐकू येते. काच काय अडवणार? तिला बाळ्यानं फितवलीय. परवापासून तिची टोपली आपल्या दारावरनं सरळ जाते. मी पेपर वाचत इथं बसलेलो, माझ्याकडं बघत बघत गेली!"

त्यामुळे नागवेकरांच्या घरात चार दिवस बटाटा शिजत होता. पहिल्या दिवशी बटाट्याची भाजी, दुसऱ्या दिवशी बटाट्याचा रस्सा, मग काचऱ्या. ऐन बांगड्यांच्या दिवसांत! चौथ्या दिवशी महिपतने ताटाकडे बघितलं, आणि त्याच्या मनातली शंका घट्ट झाली. एवढं वाईट वागायला माणसाच्या मनात तसंच काहीतरी असावं लागतं.

आता पाचव्या दिवशी हे कानाला हात लावणं. महिपतने चहाचा कप खाली ठेवला आणि दुधाची पिशवी आणायला म्हणून तो मुद्दाम बाहेर पडला. बाळा पायरीवर होताच. महिपतला बघून तो लगबगीने खाली उतरला, अगदी तोंडासमोर येऊन उभा राहिला, आणि तोंड भलंमोठं उघडून, एकेक शब्द लांबवत बोलला:

"काऽऽय... महिऽऽपत... बरं... हाऽऽय... ना?"

सोबत हातवारे. 'बरं'ला छातीवर हात, 'ना'ला पंजा हवेत फिरवून.

महिपतच्या कानशिलावरची शीर तटतटली. अडतीस वर्षं ज्या खाणाखुणांवर पोट भरलं, त्यांची नक्कल? भर रस्त्यात? त्याने समोरून बघितलं, आरपार बघितलं, आणि वळून चालू लागला. मागे बाळाने उसासा टाकला. तो मात्र महिपतने स्पष्ट ऐकला. 'वर उसासे टाकतो नालायक,' तो मनात म्हणाला.

त्या दिवशी शनिवार होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर महिपत पुन्हा काचेशी बसला. गल्लीच्या टोकाला उंडीच्या झाडाखाली जागेवाल्याची घुमटी. जागेवाला म्हणजे वाडीचा राखणदार देव. कोणाची गुरं हरवोत, कोणाचं लग्न जमत नसो, वाडी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बोलायचा मान शिवलकरांचा. आज्यापासून बापाकडे आणि बापापासून बाळाकडे आलेला.

आज मशीन लवकर बंद झालं होतं. घुमटीपुढे दहा-बारा माणसं जमली. बाळा डोक्यावरची टोपी काढून पुढे झाला. हात जोडले. ओठ हलू लागले.

आणि मग त्याने बोट केलं. सरळ महिपतच्या घराकडे.

सगळ्या माना घराकडे वळल्या. सगळी तोंडं एकदम उघडली, एकदम मिटली. हे ओळखायला इंजिनरूम लागत नव्हती. व्हय म्हाराजा! बाळा पुन्हा बोलला, पुन्हा बोट, पुन्हा कानांना हात, पुन्हा तोंडं उघडली. गोदूबाईसुद्धा टोपली खाली ठेवून 'व्हय' म्हणत होती. महिपतने मोजलं. नऊ वेळा 'व्हय म्हाराजा' झालं. रितेश आजारी होता तेव्हासुद्धा सातच झाले होते.

"तुळसा," तो काचेवरून नजर न काढता म्हणाला. "गाऱ्हाणं घातलं गो. आपल्यावर."

"आपल्यावर? बाळाभावजी? ते कशाला घालतील?"

"ते मला काय म्हायत! घराकडं बोट केलं. नऊ वेळा."

तुळसाने लसूण बाजूला ठेवला. घड्याळ तेवढं सुपारी फोडत राहिलं. महिपतला एकाएकी बोटीवरची ती सकाळ आठवली, जेव्हा इंजिन थांबलं होतं आणि चारी बाजूंना नुसतं पाणी होतं. एवढ्या पाण्यात तेव्हा त्याला एका गोष्टीचा धीर होता. घराकडे आज हाक गेली असेल. आता ती हाकच उलटली, तर माणसाने कुठल्या किनाऱ्याकडे बघायचं?

रात्रभर त्याने कूस बदलली. सकाळी मन पक्कं झालं होतं. गाऱ्हाण्याला उपाय एकच, उलट गाऱ्हाणं. अडचण एवढीच, की वाडीत गाऱ्हाणं घालता येणारा माणूस एकटा बाळा होता.

महिपतने दीपालीकडून कागद घेतला आणि आठवतील तसे शब्द लिहून काढले. रविवारी दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, फडताळातला मोठ्यात मोठा नारळ पिशवीत टाकून तो उठला.

"कुठं निघालात भर उन्हात?" तुळसाने विचारलं.

"डॉक्टरकडं."

"नारळ घेऊन?"

"तपासून घेतो," म्हणत तो पायऱ्या उतरला.

उंडीखाली सावली होती. पाचोळा गरम, समुद्राचा वारा मंद. महिपतने नारळ ठेवला, कागद उघडला आणि चोरट्या आवाजात सुरुवात केली. "बा जागेवाल्या म्हाराजा! ज्या अर्थी आज तुझ्या पायाशी हा महिपत नागवेकर एकटाच उभा हाय..."

इथे 'व्हय म्हाराजा' यायला हवं होतं. आलं नाही. उत्तराशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, जशी वल्ह्याशिवाय होडी. महिपतने डावीउजवीकडे बघितलं, घसा बदलला आणि स्वतःच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"तर जो कोण शेजारी या घराकडं बोट दाखवून काय बोलला असेल, त्याच्या मनात जी काय अढी असेल, ती काढून टाक..."

"व्हय म्हाराजा!"

हे महिपत बोलला नव्हता. आवाज पाठीमागून आला होता. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण गाऱ्हाणं अर्ध्यात सोडून मागे वळायचं नसतं. पुढचं वाक्य सकाळी रागाच्या भरात लिहिलेलं होतं. वाचावं की गाळावं, असं क्षणभर झालं. मग चार दिवसांचा बटाटा त्याच्या डोळ्यांपुढून गेला.

"आणि त्याचं ते मशीन... बंद पडू दे!"

मागून थोडं रेंगाळून, हळू आवाजात, पण ठामपणे, "व्हय... म्हाराजा."

महिपत वळला. लुंगी सावरत, जेवलेल्या तोंडाने दात कोरत बाळा शिवलकर उभा होता.

"कोणाचं मशीन रे, मेल्या?"

"तू कशाला व्हय म्हणालास?"

"गाऱ्हाणं चाललेलं असताना गप बसू? बापजाद्यांनी लावलेलं वळण हाय. तोंडातनं आपोआप..." बाळा थबकला. त्याने दात कोरायची काडी खाली टाकली. डोळे मोठे झाले. "थांब. माझा व्हय तुला ऐकू आला?"

"न यायला काय झालं?"

"एवढ्या हळू म्हटलेला?"

"ऐकला म्हणून तर..."

बाळाने घुमटीकडे बघून दोन्ही हात वर केले. "पावलास रे बाबा! एका दिवसात पावलास!" आणि त्याने घुमटीपुढे असं कपाळ टेकलं, की महिपतचा राग जागच्या जागी गोंधळला.

"अरे, काय पावला?"

"तुझे कान! काल सगळी वाडी उभी केली तुझ्यासाठी. म्हटलं, बा म्हाराजा, ज्या कानांनी जन्मभर इंजिनं ऐकली, त्यांच्यावर पडदा आलाय, तो सार. नाय तर काय करणार? चार दिवस पहाटे कोकलतोय, महिपत, उठलास काय रे! घर मुकं. वयनी पण बोलत नाय. म्हटलं, वयनी दुःखात असणार. गोदूबाई सांगते, काचेमागं पेपर वाचत बसलेला, दहा वेळा बांगडं बांगडं म्हणून ओरडले, मान वर केली नाय. काल तुझ्याशी ओठ दाखवून बोललो, तर तू बघून चालू लागलास! मग माझी खात्रीच झाली. कान ठार गेले."

महिपत उंडीच्या मुळीवर बसला. हसावं की रडावं ते कळेना, तेव्हा त्याने नारळ हातात घेतला. "कान जागेवर हायत रे. खिडक्या हायत तशा. दोन काचा, मधी हवा. काय ऐकू येत नाय."

"धुळीच्या खिडक्यांना ऐकायचं काय?"

आता खरं सांगण्यावाचून गत नव्हती. महिपत नारळाच्या शेंडीशी बोलल्यासारखा बोलला. "धुळीच्या नाय. तुझ्या मशिनीच्या. दीपालीचं ऑफिस... तिकडं ऐकू जायचं. तुला सांगितलं नाय. तू खुळा. मशीन बंद करून बसला असतास."

वाऱ्याने उंडीची चार पानं पाडली. महिपतने वर बघायचं धाडस केलं नाही.

"मी?" शेवटी बाळा म्हणाला. "बंद करून? एप्रिल महिन्यात? मेल्या, मी काय तुला साधू वाटलो?"

दोघे हसले, ते इतके, की पलीकडच्या घरातून कोणीतरी झोपमोडीची शिवी हासडली. नारळ तिथेच फोडला. खोबरं खात खात बाळा म्हणाला, "पण महिपत, शेवटचं तेवढं मागं घे हां. मशिनीचं."

"घालताना तू व्हय म्हणालास. आता मागं कसं घेऊ? तूच सांग, मानकरी तू."

बाळा विचारात पडला. मागे घ्यायचे शब्द त्याच्या आज्यानेही शिकवले नव्हते.

सोमवारी उजाडताना महिपतने पडवीच्या खिडकीची काच सरकवली. बोटभरच. आणि सगळी गल्ली पाण्यासारखी आत आली. कावळे आले, लांबचा समुद्र आला, कोणाच्या तरी बादलीची कडी आली. मग ती आली.

"महिपत, उठलास काय रे?"

"उठलो!"

आतून तुळसा इतक्या दिवसांचं देणं असल्यासारखी ओरडली, "बरं हाय, भावजी!"

"तुमचं बरं हाय, वयनी! माझं मशीन बंद पडलं! चालूच होत नाय! पावला त्याला जागेवाला!"

महिपतने हत्यारांची पिशवी घेतली आणि अनवाणीच रस्ता ओलांडला. मोटर ठीक होती. पट्टा ठीक होता. त्याने मुसळांचा दांडा हाताने फिरवला, कान लावला, आणि त्याला कळलं. "बेअरिंग गेलं. हे काय एका रात्रीत नाय जात. आठ दिवस किरकिरत असणार."

"असणार म्हंजे? किरकिरत होतंच!" बाळा भडकला. "म्हणून तर तुला हाका मारत होतो, जरा ऐक रे म्हणून. एरवी तू पडवीत बसल्या बसल्या ओरडतोस, बाळ्या तेल घाल, बाळ्या पट्टा घट्ट कर. यंदा गप. मला वाटलं, तुझे कानच गेले, आता मशिनीचं कोण ऐकणार?"

म्हणजे मशीन गाऱ्हाण्याने बंद पडलं नव्हतं. खिडकीने पडलं होतं. महिपत हे सांगणार होता. पण बाळा तोवर कांडपाला आलेल्या बायकांना सांगत सुटला होता, "एकटा उभा राहिला, कागद बघून घातलं, नि रात्रीत पावलं! माझी वीस वर्षांची गाऱ्हाणी अजून लायनीत हायत."

दुपारी बेअरिंग बदलून झालं. मशीन पुन्हा नाचू लागलं, आता किरकिरीशिवाय, आणि पडवीत तुळसाच्या ओवीला बोटभर फटीतून तिचा ठेका सापडला:

"वाटेच्या रे भावा, हाक मारून जाय,
हाकेला माझ्या घरा, कडी कोयंडा नाय."

"बाबा, ही फट?" दीपालीने दारातून विचारलं. तिच्या खोलीची खिडकी पक्की बंद होती.

"हवा येऊदे जराशी."

"येऊ दे. साहेब विचारतच होते, तो आवाज खरंच मसाल्याचा असेल, तर दोन किलो पाठवाल का."

सगळं असं गोड झालं असतं. पण संध्याकाळी महिपत काचेशी चहा घेत बसला, आणि त्याने पाहिलं, की फाटकाशी तीन माणसं उभी आहेत. प्रत्येकाकडे नारळ. एकाला शेजाऱ्याचा कोंबडा गप करायचा होता, एकाला जावयाची मोटारसायकल. गोदूबाईच्या टोपलीतही नारळ होता. तिचं गाऱ्हाणं कोणावर होतं, ते तिने पदराने झाकलं होतं. तिघंही घराकडे बोट दाखवून हाका मारत होती.

महिपतने कप खाली ठेवला. आता हे रोजचंच. तो खिडकीची काच ओढायला उठला, आणि तेवढ्यात समोरून बाळा लगबगीने रस्ता ओलांडून आला. फाटकाशी उभा राहिला. महिपतच्या घराकडे बघितलं, दोन्ही हात दोन्ही कानांना लावले, आणि मयताला जाऊन आल्यासारखी मान हलवली. मग तळहात हवेत उलटा केला.

महिपतचा हात काचेवर थांबला. जुनी शंका क्षणभर फणा काढून उभी राहिली. त्याने कान फटीला लावला.

"काय उपयोग नाय," बाळा तळमळून सांगत होता. "पावलं ते एका दिवसापुरतं. कान परत गेले. ठार बहिरा झालाय. गाऱ्हाणं तर एक अक्षर आठवत नाय त्याला. उगाच दारात उभं राहू नका, वयनीला वाईट वाटतं. नारळ हिकडं द्या, मी बघतो."

माणसं हळहळली. गोदूबाईने टोपलीतून दोन बांगडे काढून फाटकावर ठेवले, बहिऱ्याच्या घरी म्हणून.

आणि काचेमागे, बोटभर फटीशी कान लावून बसलेला महिपत नागवेकर अगदी हळू, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "व्हय म्हाराजा."